गॅरेजमधली शेगडी आणि लॉर्डसाहेब

ऑब्रीकाका आमच्या घरात पहिल्यांदा शिरले ते दार न वाजवता, आणि हातात ओलं ब्लँकेट घेऊन.

दिवाळीच्या आदल्या शनिवारची दुपार होती. माझे वडील, नाना, गॅरेजात चकल्या तळत होते. गॅरेजात का, हे इथं अमेरिकेतल्या मराठी बायकांना सांगावं लागत नाही. घरात मोठी कढई चढवली की छताचा स्मोक अलार्म बोंबलायला लागतो, पडद्यांना आठवडाभर वास राहतो आणि लेक शाळेत जाताना जॅकेट हुंगून बघते. म्हणून गाड्या बाहेर बर्फात आणि शेगडी आत, असा आमचा संसार. आमच्याकडे तर मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नानांसाठी थेट ओटाच घालून घेतला होता. सिंक, मसाल्यांची मांडणी, गॅसची लाईन, सगळं. त्याला पर्मिट लागतं हे आपल्याला माहीत नव्हतं असं तो सांगतो. माहीत होतं.

तर गॅरेजचं दार अर्धं वर केलेलं आणि त्यातून धूर बाहेर चाललेला. समोरच्या घरात नुकताच राहायला आलेला एक उंच, किडकिडीत गोरा म्हातारा हे खिडकीतून बघत होता. त्यानं आधी फायर ब्रिगेडला फोन केला, मग पलंगावरचं ब्लँकेट नळाखाली धरलं, रस्ता ओलांडला आणि कमरेत वाकून दाराखालून आत घुसला. ब्लँकेट कढईवर टाकायचं की नानांवर, याचा निर्णय त्याला ऐन वेळी करता आला नसावा, कारण ते पडलं चकल्यांच्या परातीवर. मी धावत आले तेव्हा नाना हातात झारा घेऊन पुतळ्यासारखे उभे होते. "काय करून राहिलाय हा माणूस?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

दोन मिनिटांत लाल बंब दारात. सगळी गल्ली बाहेर. आग कुठंच नाही हे कळल्यावर बंबावरच्या पोरांनी हसत हसत कोरड्या राहिलेल्या चकल्या खाल्ल्या, आणि निघता निघता एकाचं लक्ष गॅसच्या पाईपकडे गेलं. झालं. गॅस तिथल्या तिथं बंद. पुढच्या आठवड्यात गावाकडून नोटीस आली की आमच्या व्हिलेजच्या नियमाप्रमाणे एका घरात एकच स्वयंपाकघर चालतं. दुसरं काढून टाका, दोन महिन्यांची मुदत.

आमचं गाव म्हणजे शिकागोजवळच्या शॉमबर्गला लागून असलेलं एक छोटं उपनगर, पण त्याला स्वतःचं बोर्ड आहे, आपल्याकडच्या नगरसेवकांसारखे निवडून आलेले सहा ट्रस्टी आहेत आणि कुंपणाच्या उंचीपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळ्याला नियम आहेत. आम्ही इतकी वर्षं राहत होतो, पण त्या बोर्डाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. आपण भले, आपली नोकरी भली.

नाना नोटीस दोनदा वाचून म्हणाले, "मग माझं तिकीट काढ."

ही धमकी नव्हती. नानांना धमक्या देता येत नाहीत. आई आजारी पडली तेव्हा शेवटचे काही महिने तिनं पलंगावरून सांगून सांगून त्यांना स्वयंपाक शिकवला होता. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस, कधी चहासुद्धा केलेला नाही, तो सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली आमची नागपुरी वडी, करायला शिकला. ती गेल्यावर मी त्यांना नागपूरहून इथं आणलं. दिवसभर खिडकीशी बसायचे, बोलायचे नाहीत. गॅरेजातली शेगडी झाली आणि ते माणसांत आले. फोडणी घालताना ते पुटपुटत असतात. ते कुणाशी बोलतात हे मला माहीत आहे, मी कधी विचारलं नाही. आता ती शेगडी गेली तर ते ऐंशीव्या वर्षी, हृदयात दोन स्टेंट घेऊन, नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायला निघाले होते. मला रात्रंदिवस तेवढं एकच दिसत होतं.

बंब गेला त्याच संध्याकाळी तो म्हातारा पुन्हा आला. या वेळी टाय लावून, हातात मार्मलेडची बाटली घेऊन. या म्हटल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. नाव सांगितलं ऑब्री. बायको मॅरियन इथलीच, हे सगळं मक्याचं शेत होतं तेव्हापासूनची. काही वर्षं अमेरिकेतच दुसरीकडे काढून आता तिच्या माहेरच्या घरी दोघं म्हातारपण काढायला आले होते. आपण आयर्लंडचे, म्हणजे तसे आयर्लंडचे नाही, पण इंग्लंडचेही नाही, असं काहीतरी ते म्हणाले. नाना तोंड फिरवून बसलेले. मग ऑब्रीकाकांनी सांगितलं की त्यांच्या आजोबांचं मोठं घर तिथल्या स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत लोकांनी जाळलं. जाळायला आलेली माणसं गावातलीच, ओळखीची. त्यांनी आजीला अदबीनं विचारलं, बाईसाहेब, आतून काय काय काढून देऊ? आजी म्हणाली, कोंबड्या. त्या लोकांनी सगळ्या कोंबड्या पकडून दिल्या आणि मग घर पेटवलं. तेव्हापासून आमच्या घराण्यात धूर दिसला की आधी ब्लँकेट भिजवतात, असं ते म्हणाले. नाना हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

नोटीस आल्याचं कळल्यावर ऑब्रीकाकांनी जे केलं ते माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नसतं. ते म्हणाले की तुमची चूल माझ्यामुळे बंद झाली, तेव्हा तुमचा निकाल लागेपर्यंत माझी चूल तुमची. मला वाटलं, बोलायची पद्धत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नानांना न्यायला आले. त्या हिवाळ्यात रोज दहाच्या सुमाराला कानटोपी घातलेले नाना आपली कढई पोटाशी धरून रस्ता ओलांडताना दिसायचे, आणि बर्फ असेल तर ऑब्रीकाका पुढे फावड्यानं वाट करत. मॅरियननं स्वयंपाकघर नानांच्या स्वाधीन केलं आणि आपल्या सगळ्या स्वेटरांना हिंगाचा वास येतो हे ती चर्चमध्ये अभिमानानं सांगू लागली.

त्या दोघांचं इतकं कसं जमलं? भाषेमुळे, असं मला वाटतं. नानांचं इंग्रजी सरकारी खलित्यांचं. ऑब्रीकाकांचंही इंग्रजी आता कुणी बोलत नाही तसलं. दोघंही एक वाक्य सुरू करून तीन वळणं घेऊन सावकाश संपवायचे. माझी लेक ईशा म्हणायची, आई, आय डोन्ट अंडरस्टँड आयदर ऑफ देम. पण ते दोघं एकमेकांना पुरेपूर समजत होते.

ते लॉर्ड होते हे आम्हाला मॅरियनकडून कळलं, तेही भांडी घासताना. लॉर्ड किलमोरीन. वडील लवकर गेल्यामुळे विशी ओलांडायच्या आत किताब आला, आणि किताबाबरोबर लंडनच्या वरिष्ठ सभागृहातली खुर्ची. तिथं त्यांनी बरीच वर्षं काढली, गटारं, बोटी आणि शाळांवर भाषणं केली. मग त्या सभागृहानंच ठरवलं की नुसत्या वारशानं आलेल्यांनी आता घरी जावं. ऑब्रीकाकांनी त्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं होतं. स्वतःला हाकलून द्यायला स्वतःच हात वर केला, असं मॅरियन म्हणाली. नानांनी त्याच दिवसापासून त्यांना लॉर्डसाहेब म्हणायला सुरुवात केली. ईशासाठी ते लॉर्डकाका झाले.

पण लॉर्ड म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं त्यांच्याकडे काही नव्हतं. कोपरांना चामड्याचे तुकडे लावलेला एकच कोट. स्वेटर स्वतः रफू केलेले. त्यांचं आयर्लंडमधलं घर, म्हणजे जळाल्यावर पुन्हा बांधलेलं, छप्पर परवडेना म्हणून विकलं आणि तिथं हॉटेल झालं. एकदा ते तिथं पैसे भरून पाहुणे म्हणून राहून आले. एक पोरगी प्रवाशांना वाडाभर फिरवून घराण्याचा इतिहास सांगत होती, आणि त्यातला बराचसा चुकीचा. तुम्ही तिला सांगितलं नाहीत, असं मी विचारलं. तर म्हणाले, तिच्या गोष्टीत माझे आजोबा खूपच शूर होते, कशाला मधे बोलायचं?

आता मुदतीचं. मी बोर्डाला ईमेल लिहायला बसले होते. मुद्देसूद, कलमांसकट. ऑब्रीकाकांनी लॅपटॉप बंद केला. तक्रार असेल त्याच्या घरी जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, आणि पहिल्या भेटीत आपलं काम काढायचं नाही, हा त्यांचा नियम. पहिली भेट समोरच्याच्या तक्रारीसाठी असते. मी वैतागले. दोन महिने हातात आहेत आणि हा माणूस चहा पीत फिरणार. नानांना घेऊन फिरला मात्र. गल्लीतल्या एकेका घरी दोघं म्हातारे, सोबत डब्यात सांबारवडी. कुणाची टपालाची पेटी बर्फाच्या गाडीनं दर वर्षी मोडायची, कुणाला शेजारचं झाड नको होतं. ऑब्रीकाका सगळं ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गावच्या कचेरीत जाऊन उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. उभ्या माणसाला लवकर वाटेला लावतात, म्हणायचे.

आणि मग एक दिवस नाना घरी आले ते डोळे चमकवत. कोपऱ्यावरची पोलिश आजी, हेलेना, हिनं दुसऱ्या भेटीत त्या दोघांना तळघरात नेलं होतं. खाली अख्खं स्वयंपाकघर. तीस-चाळीस माणसांचा नाताळचा स्वयंपाक ती वर्षानुवर्षं तिथं करते. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला. तिच्या पुढच्या घरातला इटालियन म्हातारा उन्हाळ्यात तळघरात टोमॅटो शिजवून बाटल्या भरतो. पलीकडचे गुजराती, त्यापुढचे कोरियन, सगळ्यांची एकेक शेगडी कुठं ना कुठं लपवलेली. निम्मी गल्ली नियमाबाहेर होती आणि सापडलो होतो आम्ही, कारण आमच्या समोर ऑब्रीकाका राहत होते.

मला तर हातात घबाड लागल्यासारखं झालं. मी ऑब्रीकाकांना म्हटलं, बोर्डाच्या बैठकीत तुम्ही उभे राहा, हे सगळं सांगा, तुम्ही लॉर्ड आहात, ऐकतील. त्यावर ते जे म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं.

"मी जन्मभर लोकांच्या वतीनं बोललो. त्यांतल्या एकानंही मला बोल म्हणून सांगितलं नव्हतं. हेलेनानं मला तळघर दाखवलं ते विश्वासानं. ते सांगायचं की नाही हे ती ठरवेल. शेगडी तुझ्या वडिलांची आहे, घर तुझं आहे. तू बोल."

मी नाही म्हटलं. नसत्या भानगडीत कशाला, आपण परक्या देशातली माणसं. तेव्हा त्यांना राग आला, आणि मी त्यांना रागावलेलं एवढं एकदाच पाहिलं. तू इथली नागरिक आहेस, ते म्हणाले. परका मी आहे, माझ्याकडे अजून नुसतं ग्रीन कार्ड आहे.

बैठकीत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मी आधी सांगितलं की पाईपच्या बाबतीत गाव बरोबर आहे आणि आम्ही चुकलो. हे ऑब्रीकाकांनी बजावलं होतं, चूक असेल ती पहिल्या वाक्यात संपवायची. मग नानांबद्दल सांगितलं. आईनं पलंगावरून काय शिकवलं तेही सांगितलं, जे मी मिलिंदलासुद्धा कधी नीट सांगितलं नव्हतं. बसले. ऑब्रीकाका शेवटच्या रांगेत नानांशेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते, काही केल्या उठेनात. मग पुढच्या रांगेतून हेलेना उठली, काठी टेकत माइकपाशी गेली आणि म्हणाली, माझ्या तळघरातही एक आहे, मलाही नोटीस द्या. तिच्या मागे इटालियन म्हातारा. त्याच्या मागे आणखी चारपाच जण. बोर्डाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि नियमाचा फेरविचार एप्रिलच्या निवडणुकीनंतर नवं बोर्ड करेल, तोवर नोटीस स्थगित, असं जाहीर केलं.

परतताना गाडीत ऑब्रीकाका म्हणाले की एक जागा रिकामी होते आहे, तू उभी राहा. मी हसले. बाकी कुणीच हसलं नाही. नाना म्हणाले, "राहा ना मग. मी आहे तोवर इथं." तोवर, हा शब्द त्यांनी घातलाच.

त्याच हिवाळ्यात ऑब्रीकाका अमेरिकेचे नागरिक झाले. अर्ज त्यांनी आधीच केलेला होता, फक्त पुढची तारीख घ्यायला टाळाटाळ चालली होती. इथं नागरिक होताना खानदानी किताब असेल तर तो मी सोडला, असं शपथेच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणावं लागतं. आम्ही सगळे शिकागोला गेलो होतो. शंभरेक माणसं असतील, बहुतेक मेक्सिकन, नायजेरियन, आपले लोक. त्यांच्यात हा उंच म्हातारा उभा राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाव स्पष्ट आवाजात खाली ठेवलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. माझे मात्र डोळे भरले, आणि नाना तर सरळ रडत होते. मॅरियन म्हणाली, इतकी वर्षं मी याला तो कोट सोड म्हणते आहे, तो नाही सुटत, हे बघा कसं पटकन सुटलं. बाहेर आल्यावर नानांनी विचारलं, आता तुम्हाला म्हणायचं काय? नुसतं ऑब्री म्हणा, असं ते म्हणाले. नानांच्या जिभेला ते काही झेपेना. त्यांनी थोडा विचार करून ऑब्रीराव म्हणायला सुरुवात केली.

एवढं सगळं कशासाठी, असं मी मॅरियनला विचारलं होतं. तिनं सांगितलं की त्या सभागृहात बसणाऱ्यांना सार्वत्रिक निवडणुकीत मत देता यायचं नाही. जन्मभर राजकारणात राहून त्यांनी मतदार म्हणून फारसं काही केलंच नव्हतं. आणि आता डॉक्टर हृदयाबद्दल चांगलं बोलत नाहीत, हेही तिनं त्याच सुरात सांगितलं.

माझा प्रचार म्हणजे चहा. मी किती चहा प्यायले त्याला गणती नाही. माझ्या घरातल्या शेगडीबद्दल पहिल्या भेटीत एक अक्षर काढायचं नाही, हे मला जड जायचं, पण जमलं. मी निवडून आले. नवं बोर्ड बसल्यावर नियम बदलला. आता आमच्या गावात दुसरं स्वयंपाकघर चालतं, रीतसर पर्मिट काढून, पाईप तपासून घेऊन, भाड्यानं न देता. पहिलं पर्मिट हेलेनाला मिळालं, दुसरं नानांना. माझ्या घरचा विषय म्हणून मतदानाच्या वेळी मी बाहेर जाऊन बसले होते. ते कुणी शिकवलं हे सांगायला नको. आजही कुणी तक्रार घेऊन फोन करतं तेव्हा मी पत्ता विचारते आणि चप्पल घालते. या देशात मी बरीच वर्षं राहत होते. रहिवासी मला ऑब्रीकाकांनी केलं. हे ऋण मी मिरवते, फेडायच्या भानगडीत पडत नाही.

पण नियम बदलला तेव्हा ते नव्हते. मला ते आठवतात ते मतदानाच्या दिवशीचे.

एप्रिल असूनही हवेत बोचरा गारठा होता. मतदान गावच्या वाचनालयात. उमेदवाराला दाराजवळ घुटमळता येत नाही, म्हणून मी आणि नाना पार्किंगच्या टोकाला उभे होतो. नानांना इथं मत नाही, पण सकाळपासून ते माझ्यासोबत होते, आदल्या रात्रीपर्यंत परतीच्या तिकिटाबद्दल विचारत होते तरी. मॅरियननं गाडी थांबवली. ऑब्रीकाका उतरले, चारदोन पावलांनी दम लागत होता. मॅरियननं हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. तोच कोट, टाय. आत बराच वेळ लागला. आतल्या बाईंनी खुर्ची दिली ती त्यांनी नाकारली, असं नंतर कळलं.

बाहेर आले ते सरळ आमच्याकडे. कुणाला मत दिलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी नुसतं विचारलं, कसं झालं सगळं?

"त्यांनी मला नाव विचारलं आणि पत्ता विचारला," ते म्हणाले. "तेवढं पुरलं." मग नानांकडे वळून म्हणाले, "माझ्या हातात होतं ते मी केलं. आता तुमच्या हातात आहे."

उत्तर द्यायला नानांना आपली तीन वळणांची इंग्रजी वाक्यं सापडेनात. शेवटी म्हणाले, "ऑब्रीराव, उद्या जेवायला या. परवा पण या. रोजच येत जा, मी काही कुठं जात नाही."

हे नाना मराठीत बोलले होते. मी ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तर ऑब्रीकाकांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी नानांचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले, पोटभर जेवले. तिसऱ्या दिवशी मॅरियन एकटीच रस्ता ओलांडून आली. नानांनी दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तिचं पान वाढलं.